झाशीची चेरी

या सदरासाठी येणाऱ्या पाककृतींपैकी पुष्कळशा मुळात इंग्रजीत लिहिलेल्या असतात, आणि त्या मराठीत आणताना ‘चेरी’ या शब्दापाशी लेखणी हमखास अडखळते. मैदा, साखर, लोणी, वेलदोडे या शब्दांना आपल्या घरात ठरलेला अर्थ आहे. ‘एक वाटी चेरी घ्यावी’ असे लिहिले की मात्र शिमल्याच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे एक फळ उभे राहते, पुण्याच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे दुसरे. झाशीच्या एका वाचक भगिनींनी तर आम्हाला सरळच विचारले आहे की, केकवर लावण्याची जी लालभडक चेरी बाजारात मिळते ती पुष्कळदा करौंदाच असते असे ऐकतो. तसे असेल तर आमच्या कुंपणाला दरवर्षी लागणारे करौंदे आम्ही पाखरांना का सोडावेत?

प्रश्न रास्त आहे, आणि त्यांनी ऐकले ते खरे आहे. आइस्क्रीमवर, केकवर, विड्याच्या टोकाला टोचलेली जी लाल, चकचकीत, दाताखाली किंचित करकरणारी गोड गोळी आपण चेरी म्हणून खातो, ती बहुतेक वेळा करवंदाच्या जातीचे फळ असते. खारवलेले, बिया काढलेले, रंगवलेले आणि साखरेच्या पाकात मुरवलेले. यात करवंदाचा काही दोष नाही. दोष असेल तर तो फळाचे नाव बदलून विकणाऱ्याचा.

प्रथम खऱ्या चेरीविषयी. ती गुलाबाच्या कुळातील, आलुबुखार आणि जर्दाळू यांची सख्खी बहीण. आपल्याकडे ती पिकते मुख्यत्वे काश्मीरच्या खोऱ्यात आणि हिमाचल प्रदेशात शिमल्याच्या वरच्या डोंगराळ भागात. काश्मीरमध्ये तिला गिलास म्हणतात. या झाडाला हिवाळ्यात दीर्घ थंडी लागते. सात अंशांहून कमी तापमानाचे सर्वसाधारणपणे आठशेहून अधिक तास मिळाल्याखेरीज त्याच्या कळ्या नीट उमलत नाहीत. झाशीत मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि हिवाळ्याची खरी थंडी काही आठवड्यांची. २०२१ च्या जानेवारीत झाशीत स्ट्रॉबेरी महोत्सव भरला तेव्हा अनेकांना नवल वाटले होते. परंतु स्ट्रॉबेरी हे एका हिवाळ्यात हाताशी येणारे पीक आहे, चेरी हा वर्षानुवर्षे उभा राहणारा वृक्ष आहे. बुंदेलखंडात चेरीची बाग होईल अशी आशा कोणी धरू नये.

करवंदाची गोष्ट निराळी. ते कण्हेरीच्या कुळातले काटेरी झुडूप. पान किंवा फळ तोडले की पांढरा चीक येतो. रेताड, खडकाळ, पाण्याला दुरावलेली जमीन त्याला चालते. संस्कृतातल्या ‘करमर्द’ या शब्दापासून आपले करवंद झाले आणि हिंदीतला करौंदाही झाला. गुजरातीत ते करमदां, बंगालीत करमचा, तेलुगूत वाक्काय आणि गोव्यात कांटां. सह्याद्रीतली जंगली करवंदे आणि उत्तरेकडच्या बागांतला करौंदा यांत मात्र थोडा फरक आहे. आपली डोंगरची काळी मैना लहान, उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये पिकून काळी होणारी, हातांनी खुडून पळसाच्या द्रोणातून विकली जाणारी. ती फोडून आत लाल निघाले तर कोंबडा आणि पांढरे निघाले तर कोंबडी, असा खेळ खेळल्यावाचून कोणाचे बालपण गेले असेल असे वाटत नाही. करौंदा आकाराने मोठा, अधिक आंबट, अधिक मांसल, आणि त्याचा मोसम पावसाळ्याचा. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत तो उत्तरेकडच्या भाजीबाजारांतून हिरवा, पांढरट-गुलाबी आणि शेवटी जांभळा असा तिन्ही अवस्थांत दिसतो. तो तिकडे फळवाल्यापेक्षा भाजीवाल्याकडे अधिक सापडतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याचा उपयोग तिकडच्या लोकांनी कसा केला आहे ते यावरून कळते.

झाशीच्या मराठी घरांना या दोन्ही फळांची ओळख असावी यात आश्चर्य नाही. रघुनाथ हरी नेवाळकर १७७० च्या सुमारास झाशीचे सुभेदार झाले. त्या घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात लांज्याजवळचे कोट, म्हणजे उन्हाळ्यात करवंदांनी काळ्या पडणाऱ्या सड्यांचा मुलूख. ज्या वरसईच्या गोडसे भटजींनी १८५८ चा झाशीचा वेढा आत राहून पाहिला आणि मागाहून आपल्या प्रवासाची हकीगत लिहिली, तेही पेणजवळचे. राणी लक्ष्मीबाईंचा विवाह ज्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये झाला ते मंदिर आजही महाराष्ट्र गणेश मंदिर म्हणूनच ओळखले जाते. अशा घरांत मे महिन्याची करवंदे गावाच्या आठवणीत राहिली आणि श्रावणातला करौंदा ताटात आला. आमच्या पत्रलेखिका भगिनी बाजारात करौंदा म्हणतात आणि घरात करवंद म्हणतात, असे त्यांनीच लिहिले आहे. येथून पुढे आम्हीही दोन्ही शब्द सोयीप्रमाणे वापरणार आहोत.

आता करवंदाची चेरी कशी झाली ते पाहू. पाकातली लाल चेरी ही कल्पना युरोपातली. एड्रियाटिक समुद्राकाठच्या डाल्मेशियात मरास्का नावाची लहान, आंबट, काळसर चेरी होते. ती तिच्याच मद्यात मुरवून ठेवण्याची तिकडे पद्धत होती. अमेरिकेने ती उचलली, आणि पुढे १९२० च्या दशकात ओरेगॉनच्या कृषी महाविद्यालयातील अर्नेस्ट वीगंड या प्राध्यापकांनी मद्य वगळून, चुन्याच्या क्षारांसह खारवणात ठेवून चेरी टणक राखण्याची रीत बसवली. एकदा ती रीत बसली की फळ चेरीच असले पाहिजे असे उरत नाही. खारवणात फळाचा मूळ रंग जातो, मूळ स्वादही बराचसा जातो, आणि शिल्लक राहतो तो एक टणक, निर्विकार गर, ज्याला आपण हवा तो रंग आणि हवी तितकी साखर देऊ शकतो. करवंद या कामी उत्तम. त्याची साल फाटत नाही, गर विरघळत नाही, आणि ते स्वस्त असते.

रंगासाठी पूर्वापार वापरला जातो तो एरिथ्रोसिन. तो आंबट पाकात विरघळत नाही, फळाला चिकटून राहतो, म्हणून केकच्या पांढऱ्या सायीवर चेरी ठेवली तरी लाली पसरत नाही. भारताच्या अन्नरंगांच्या यादीत हा रंग अनेक वर्षांपासून आहे आणि त्याच्या वापरावर मर्यादाही आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मात्र जानेवारी २०२५ मध्ये खाद्यपदार्थांतील त्याची परवानगी काढून घेतली आणि उत्पादकांना तो बदलण्यासाठी २०२७ पर्यंत मुदत दिली. घाबरून जावे असे यात काही नाही; वर्षातून दोन वाढदिवसांना खाल्लेल्या चार चेऱ्यांनी कोणाची प्रकृती बिघडत नाही. परंतु सुट्या, पिशवीत बांधून दिलेल्या, वेष्टनावर काहीही न छापलेल्या चेऱ्या घेऊ नयेत, कारण त्यांत कोणता रंग आहे ते दुकानदारालाही ठाऊक नसते. बंद वेष्टनावर घटकांची यादी छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ती बारीक अक्षरांत असते, तरी वाचावी; करौंदा हे नाव तेथे प्रामाणिकपणे छापलेले अनेकदा सापडते.

आणि ज्यांच्या दारात झुडूप आहे त्यांनी ही चेरी घरीच करावी. तिला वेळ लागतो, कष्ट फार नाहीत.

पूर्ण वाढलेले, पांढरट अंगावर गुलाबी झाक आलेले, दाबल्यास न दबणारे अर्धा किलो करौंदे घ्यावेत. पिकून मऊ झालेले घेऊ नयेत. हाताला आणि सुरीला गोडे तेल लावावे, म्हणजे चीक चिकटत नाही. प्रत्येक फळाला देठाकडून उभी चीर द्यावी आणि केसांच्या स्वच्छ आकड्याने बिया बाहेर काढाव्यात. एक लिटर पाण्यात वीस ग्रॅम मीठ विरघळवून त्यात फळे रात्रभर ठेवावीत. सकाळी निथळून खाण्याच्या चुन्याच्या निवळीत दोन-तीन तास ठेवावीत. निवळी म्हणजे लिटरभर पाण्यात लहान चमचाभर चुना कालवून, तो खाली बसल्यावर वरचे स्वच्छ पाणी. नंतर तीन-चार पाण्यांनी चांगले धुऊन उकळत्या पाण्यात तीन मिनिटे घालून काढावीत.

पाकासाठी चारशे ग्रॅम साखर आणि सहाशे मिलिलिटर पाणी उकळावे, त्यात फळे घालून एक उकळी आणून झाकून ठेवावे. दुसऱ्या दिवशी फळे झाऱ्याने बाजूला काढून पाकात दीडशे ग्रॅम साखर घालावी, आठ-दहा मिनिटे उकळून थोडा आटवावा आणि गरम पाकात फळे परत सोडावीत. हे असे पाच दिवस करावयाचे. एकाच दिवशी सगळी साखर घालण्याचा मोह येथेच आवरला पाहिजे. दाट पाकात कच्चे फळ टाकले की त्यातले पाणी झपाट्याने बाहेर ओढले जाते आणि फळ सुरकुतून चामड्यासारखे होते. पाक हळूहळू दाट होत गेला तर पाणी बाहेर येते तसतशी साखर आत शिरते आणि फळ फुगलेलेच राहते. सहाव्या दिवशी पाक मधाइतका दाट झालेला दिसेल. तो आणखी दोन दिवस तसाच मुरू द्यावा, मग फळे निथळून, गरम पाण्यातून झटकन काढून, जाळीवर सावलीत सुकवावीत. बाहेरून चिकट न लागता चकाकी राहिली म्हणजे झाले. कोरड्या बरणीत ती काही महिने राहतात.

रंगाबद्दल बऱ्याच जणी बिटाच्या रसाचा सल्ला देतात. बिटाचा रंग उकळीत विटतो, म्हणून तो शेवटच्या दिवशी, पाक खाली उतरवल्यावर घालावा. आमचे मत विचाराल तर काहीच घालू नये. करवंदाच्या सालीतला स्वतःचा रंग आंबटपणात लालच राहतो आणि पाकाला आपोआप गुलाबी छटा येते. बाजारच्या भडकपणापेक्षा ती पाहावयास अधिक बरी. उरलेला पाक फेकू नये. पाण्यात दोन चमचे घालून, किंचित मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड टाकली की श्रावणातल्या उकाड्यात त्याच्यासारखे सरबत नाही.

गोडाचा दुसरा, याहून सोपा प्रकार जेलीचा. करवंदात पेक्टिन भरपूर असते. जेली घट्ट बसते ती याच द्रव्यामुळे, आणि फळ पिकत जाते तसतसे ते कमी होते. म्हणून जेलीला तीन भाग निमपिकी आणि एक भाग पिकी फळे, हे प्रमाण धरावे. पिक्या फळांनी रंग येतो, निमपिक्यांनी बांधा येतो. फळे धुऊन, फळे बुडतील इतकेच पाणी घालून, वीस-पंचवीस मिनिटे शिजवावीत आणि पळीने ठेचावीत. पंच्यातून रस आपोआप गळू द्यावा. पिळला तर जेली गढूळ होते. एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर घालून मोठ्या आचेवर उकळावे. पळी आडवी धरली असता शेवटचे थेंब एकमेकांत मिसळून पापुद्र्यासारखे लोंबू लागले की उतरवावे. लिंबू घालण्याची गरज नाही. भांडे स्टीलचे किंवा चांगल्या कल्हईचे हवे. लोखंडी कढईत किंवा कल्हई गेलेल्या पितळेत हा आंबट रस कधीही शिजवू नये.

आता तिखटमिठाकडे वळू, कारण करौंद्याचे खरे घर तेथे आहे. उत्तर प्रदेशात आणि बुंदेलखंडात पावसाळ्यात करौंदा-मिरचीची भाजी होते ती अशी: पाव किलो हिरवट करौंदे अर्धे चिरावेत, बिया कोवळ्या असतील तर राहू द्याव्यात, शंभर ग्रॅम लांब, बेताच्या तिखट हिरव्या मिरच्यांना चिरा द्याव्यात. दोन डाव मोहरीचे तेल धूर येईपर्यंत तापवून किंचित निवू द्यावे, त्यात हिंग, जिरे आणि अर्धा चमचा बडीशेप. मिरच्या परतून करौंदे घालावेत, हळद, धन्याची पूड, मीठ, आणि आवडीप्रमाणे सुपारीएवढा गूळ. झाकण ठेवून मंद आचेवर सहा-सात मिनिटे. करौंदा मऊ व्हावा, मोडू नये. मूग-तांदळाच्या खिचडीबरोबर किंवा पुरीबरोबर ही भाजी चमचाभरच वाढतात. थंडीच्या पेटीत आठवडाभर टिकते, आणि प्रवासाच्या डब्यातही दोन दिवस चालते.

मराठी घरात हेच फळ लोणच्यात जाते. अर्धा किलो चिरलेल्या करवंदांना पाऊण वाटी मीठ चोळून एक दिवस ठेवावे. सुटलेले पाणी काढून टाकावे, त्याबरोबर चीकही जातो. मग अर्धी वाटी मोहरीची डाळ, चमचाभर तळून कुटलेली मेथी, हळद, हिंग, अर्धी वाटी लाल तिखट, आणि तापवून पूर्ण निवलेले दीड वाटी तेल. झाशीच्या घरांत या तेलाच्या जागी मोहरीचे तेल येते आणि मसाल्यात बडीशेप व कलौंजी यांची भर पडते. कोकणातून आलेल्या पाहुण्याला पहिल्या घासाला ते तेल उग्र वाटेल. दुसऱ्या दिवशी तो मागून घेईल.

आमटीत करवंद घालावे ही सूचना आम्ही आंध्राकडून घेतली आहे. तिकडे वाक्काय पप्पु म्हणून तुरीच्या डाळीचा प्रकार घरोघर होतो. चिंचेऐवजी कच्ची वाक्काय डाळीत शिजवतात. उत्तरेतल्या मराठी गृहिणींना आमसुलांचा पुरवठा कोकणातल्या नातेवाइकांवर अवलंबून ठेवावा लागतो. चार माणसांच्या आमटीला सहा-सात कच्चे करौंदे बिया काढून, ठेचून घातले आणि गोडा मसाला व गूळ नेहमीप्रमाणे घातला, तर आमसुलांची उणीव भासत नाही. रंग मात्र कोकमाचा येत नाही, तेवढे सोसावे. करौंदा दुधात घालू नये, दूध नासते. चेरीऐवजी तो खिरीत किंवा कस्टर्डमध्ये घालावयाचा असेल तर पाकात मुरलेला, कोरडा केलेलाच घ्यावा.

ज्यांना खरी चेरी मिळते त्यांच्यासाठीही थोडे लिहिले पाहिजे. मे-जूनमध्ये दिल्लीकडच्या, आता मुंबई-पुण्याकडच्याही फळबाजारांत पुठ्ठ्याच्या लहान खोक्यांतून ती येते. आपल्याकडची चेरी बहुतांशी गोड जातीची. ती हाताने खावयाची. ज्या देशांत चेरी स्वयंपाकात शिजते तेथे ती आंबट जातीची असते. हंगेरीत उन्हाळ्यात आंबट चेरीचे थंडगार सार जेवणाच्या आरंभी घेतात, त्यात आंबट साय कालवलेली असते; आपल्या सोलकढीची आठवण व्हावी असा तो प्रकार. सीरियातल्या हलब शहरात खिम्याचे लहान गोळे आंबट चेरीच्या रसात शिजवतात. आणि इराणात आलबालू पुलाव करतात, म्हणजे चेरी, केशर आणि तांदूळ यांचा भात, बहुधा कोंबडीसह. हा शेवटचा प्रकार शाकाहारी करून आपल्या घरात सहज आणता येतो.

दोन वाट्या बासमती तांदूळ अर्धा तास भिजवावा. पाव किलो चेरीच्या बिया काढाव्यात. त्यासाठीही केसांचा आकडाच उत्तम, देठाच्या खळीतून घालून बी ओढून काढावी. बिया फोडून आतला गर मुलांनी खाऊ नये, त्यात विषारी द्रव्य होते. चेरी गोड असेल तर तिला दोन चमचे साखर आणि एका मोठ्या लिंबाचा रस घालून पाच मिनिटे शिजवावे व रस वेगळा काढावा. तांदूळ मिठाच्या भरपूर पाण्यात बोटचेपा शिजवून निथळावा. जाड बुडाच्या भांड्यात तूप, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा. त्यावर भाताचा थर, चेरीचा थर, पुन्हा भात. वरून चेरीचा रस आणि दुधात खललेले केशर. झाकणाला फडके गुंडाळून मंद आचेवर वीस मिनिटे ठेवावे. साखरभाताची सवय असलेल्यांना यातले मीठ प्रथम खटकेल, परंतु हा भात जेवणाच्या मध्यावर वाढण्याचा आहे, शेवटी नव्हे. झाशीत हाच भात गुलाबी करौंद्यांचा करावयाचा झाला तर लिंबू गाळावे आणि साखर दोन चमच्यांच्या जागी सहा चमचे घ्यावी. तो अधिक आंबट होईल. आम्हाला तो अधिक आवडतो.

पोषणाविषयी नेहमी विचारणा होते. कच्च्या करवंदात ‘क’ जीवनसत्त्व असते आणि शिजवताना त्यातले बरेच जाते. लोहाचा जो मोठा आकडा सर्वत्र छापला जातो तो वाळवलेल्या फळाचा आहे. तो ताज्या फळाला लावणे बरोबर नाही. मुलाच्या अंगात रक्त कमी असेल तर डॉक्टरांना दाखवावे, करवंदांवर विसंबून राहू नये. आणखी एक सावधगिरी: पिवळी कण्हेर याच कुळातली, पुष्कळ अंगणांत तीही कुंपणाला असते, आणि तिचे फळ विषारी असते. मुलांना दोन्ही झाडे बोटाने दाखवून ठेवावीत.

कुंपणाचा उल्लेख आलाच आहे तर झाशीच्या पत्रातला शेवटचा भाग येथे सांगणे भाग आहे, कारण तो स्वयंपाकघराबाहेरचा असला तरी त्याच्याहून महत्त्वाचा आहे. आमच्या भगिनींचे शेत शहराबाहेर आहे. बुंदेलखंडात पीक निघाल्यावर गुरे मोकळी सोडण्याची जुनी चाल आहे, तिला अन्ना प्रथा म्हणतात. पूर्वी ती काही महिन्यांपुरती होती; अलीकडच्या वर्षांत भाकड गुरे बारा महिने मोकळी फिरतात, आणि उभे पीक राखण्यासाठी घरातल्या कोणी ना कोणी थंडीत रात्रभर माचाणावर बसावे लागते. त्यांच्या घरी ती पाळी यजमान आणि मुलगा वाटून घेतात. तारेचे कुंपण परवडत नाही, म्हणून सासऱ्यांनी लावलेली करौंद्याची रांग त्या वाढवीत आहेत, आणि मुलगा विचारतो की ज्याला कोणी विकत घेत नाही असे झाड कशाला लावायचे, तार का नको.

मुलाचा प्रश्न आम्हाला फेटाळता येत नाही. तार एका दिवसात उभी राहते; करौंद्याच्या कुंपणाला दाट होण्यास चार-पाच वर्षे जातात आणि पहिली दोन वर्षे तर त्याचेच गुरांपासून रक्षण करावे लागते. परंतु एकदा मुळे धरली की झाशीच्या साडेआठशे-नऊशे मिलिमीटर पावसावर, जो बहुतेक सगळा तीन महिन्यांत पडून जातो, हे झुडूप उरलेले वर्ष पाण्यावाचून काढते. त्याचे जोडीने येणारे ताठ काटे गुरांना आत येऊ देत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळ येते. ‘कोणी विकत घेत नाही’ हे ताज्या फळापुरते बहुधा खरे असेल. मोसमात सगळ्यांचेच करौंदे एकदम येतात आणि भाव पडतो. खारवलेले फळ मात्र महिनोन् महिने टिकते, आणि केक-बिस्किटांच्या कारखान्यांना तेच लागते. गावातल्या चार घरांनी मिळून एक पिंप खारवण घातले तर ते फळ घाईने मातीमोल विकावे लागत नाही. झाशीत राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ आहे, कृषिवानिकीची केंद्रीय संशोधन संस्थाही आहे. रोपे, जाती आणि फळप्रक्रिया यांची चौकशी तेथे समक्ष जाऊन करावी. पंतनगरच्या विद्यापीठाने निवडलेल्या पंत मनोहर, पंत सुदर्शन आणि पंत सुवर्णा या जाती उत्तरेच्या हवेला योग्य; कोकणातल्या वाचकांसाठी दापोलीच्या विद्यापीठाची कोकण बोल्ड ही मोठ्या फळाची जात आहे.

रोपे विकत घ्यावयाची नसतील तर पूर्ण पिकलेल्या जांभळ्या फळांच्या बिया घ्याव्यात. जेलीसाठी आणलेल्या पिक्या फळांतल्या बिया शिजवण्यापूर्वी काढून ठेवल्या तर दोन्ही कामे होतात. गर धुऊन काढावा, बिया राखेत घोळून एक दिवस सावलीत सुकवाव्यात आणि त्याच आठवड्यात पिशव्यांत पेराव्यात, कारण जुन्या बियांची उगवण फार कमी होते. रोपे पुढच्या पावसाळ्यापर्यंत पिशव्यांतच वाढू द्यावीत, आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर कुंपणाच्या ओळीत हात-दोन हातांच्या अंतराने लावावीत.